बा-कुटीचं दार

वर्ध्यात माणूस निवृत्त झाला की लोक आधी विचारतात, "पेन्शनचं झालं का?" ते झालं की दुसरा प्रश्न तयार असतो, "मंग, पुण्याले कधी जाता?" पुण्याच्या जागी कुणाच्या वाट्याला बंगलोर येतं, एखाद्याच्या वाट्याला टेक्सास. आपण आहोत तिथंच राहणार असं सांगितलं, तर समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग आवाज उतरवून म्हणतो, "काहून, पोरगं नेत नाही का?"

हनुमान टेकडीवर सकाळी चढणाऱ्या आमच्या मंडळींनी या विषयाचा इतका कीस पाडला आहे की कोण काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ झालंय. एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत. ते म्हणतात, खुशाल मुलाकडे राहा, पण सातबारा आपल्या नावावर ठेवून. बँकेतले भाऊसाहेब म्हणतात, वेगळं राहा आणि एफडीचं व्याज मुलांना कळू देऊ नका. आमचे गुरुजी म्हणतात, राहायचं काय घेऊन बसलात, जायचं कुठून ते ठरवा. गुरुजी हे गमतीनं म्हणतात की कसं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मला या चर्चेत एक गोष्ट खटकत आली आहे. गाव कोणतं, मजला कितवा, महिन्याला खर्च किती, यावर लोक तासभर बोलतील. दार कुणाचं, हे कुणी काढत नाही.

आमच्या पिढीनं बांधलेली घरं बघा. नालवाडी, पिपरी, बोरगाव, सिंदी मेघे, जिथं जिथं त्या काळात प्लॉट पडले तिथं घराचा नकाशा एकच. लोखंडी फाटक, पोर्च, हॉल, दोन खोल्या, मागे बोअर आणि सीताफळाचं झाड. गच्चीवर जा, तर चारही कोपऱ्यांत सळया उभ्या. वरचा मजला चढवताना जोड मिळावा म्हणून मिस्त्रीनं त्या दीड-दोन फूट सोडलेल्या असतात. थोरल्याचा संसार खाली, धाकट्याचा वर, असा तो हिशेब होता. थोरला हिंजवडीला गेला, धाकटा त्याच्याही पुढे गेला, सळया राहिल्या. पावसाळ्यात त्यांचा गंज उतरून भिंतीवर तांबडे ओघळ येतात, म्हणून कुणी त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या आहेत, कुणी तार बांधून गोधड्या वाळत घालतं.

ज्यांनी हिंमत करून मजला चढवला त्यांची सोय विद्यार्थ्यांनी केली. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 पासूनचं, मागाहून सावंगीचं आलं, मग इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, हिंदी विश्वविद्यालय. जून-जुलै लागला की रूम शोधणारी पोरं बापासकट दारात उभी राहतात. खाली दोन म्हातारी माणसं आणि वर दोन-तीन पोरं, ही वर्ध्यातली सगळ्यात चालू असलेली वृद्धनिवास योजना आहे. ती कोणत्याही सरकारनं काढलेली नाही, म्हणूनच बहुधा बरी चालते. आमच्या गल्लीतल्या काकूंना रात्री दोन वाजता गरगरून आलं. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर "आई, डोळे उघड" म्हणत होता, तोवर वरच्या खोलीतल्या नांदेडच्या पोरानं त्यांना स्कूटीवर मधे बसवलं, धरायला मागे मित्र घेतला आणि कस्तुरबा रुग्णालय गाठलं. काकू आता ठणठणीत आहेत. दर रविवारी त्या पोराला पाटोडीचा रस्सा वर पोचतो. भाडं मात्र त्या एक रुपया सोडत नाहीत. "भाडं सोडलं का तो पोरगा होईल," त्या म्हणतात, "आन् मंग तोबी पुण्याले जाईल."

पुण्याचं म्हणाल तर तिथं वाईट काही नसतं, आणि तीच अडचण आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसनं आपण तूरडाळ, जवसाची चटणी, वर्ध्याचा गोरसपाक असं सगळं वाहून नेतो. सून हसतमुख, नातवंडं गोड, लिफ्ट चालू. फक्त बाराव्या मजल्यावरच्या त्या दाराला किल्ली नसते, आकडे असतात. माझे एक साडू कचऱ्याची पिशवी ठेवायला बनियनवर बाहेर आले आणि मागं दार आपोआप लागलं. आकडे सोपे म्हणून सुनेनं लग्नाची तारीख ठेवलेली होती. कुणाच्या लग्नाची, ते साडूंना आठवेना. त्यांनी आपली टाकली, मुलाची टाकली, व्याह्यांचीही टाकून पाहिली. पुढे पाऊण तास ते जिन्यात बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय मोकळे करतोय असं सांगत राहिले. पुण्यातच अथश्रीसारखी खास ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुलंही आहेत. कल्पना मला पटते. घर आपलं, दार आपलं, आणि मदतीला माणूस आवारातच. पण गच्चीवरच्या सळया विकून तेवढे पैसे उभे राहणार नाहीत.

खेड्यातली रीत वेगळी. तिथं शेताची वाटणी झाली की मायबापाची पाळी लागते. देवळी तालुक्यातली माझी मावशी गेली कित्येक वर्षं महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे राहते. दोन्ही घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे प्रवास चार पावलांचा. पण तिची पेटी थोरल्याकडे आणि बाज धाकट्याकडे. लुगडं काढायचं तर या घरात, निजायचं तर त्या घरात. महिना इंग्रजी धरायचा की मराठी यावर सुरुवातीला दोन्ही सुनांची चर्चासत्रं झाली, कारण इंग्रजीत फेब्रुवारी ज्याच्याकडे येईल त्याचा फायदा. शेवटी मराठी ठरला. मग 2023 साली आला अधिक श्रावण. धाकटी म्हणाली, हा तेरावा महिना करारात नाही. थोरली म्हणाली, माझा आषाढ भरला. मावशीनं दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचेच असतात, तर ते घेऊन मीच जाते आणि महिनाभर तिकडेच राहते. पिशवी उचलून ती हिंगणघाटला लेकीकडे गेली. पंचाहत्तरीपुढच्या माणसांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे, म्हणून जाण्यायेण्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडायचाही प्रश्न नव्हता. मावशीचं मत असं, की तिन्ही घरांपेक्षा जास्त मान तिला एसटीत मिळतो. तिथं ती बसली की ती सीट उतरेपर्यंत तिची.

यावर नायब तहसीलदारसाहेब 2007 च्या कायद्याचा दाखला देतात. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महाराष्ट्रात महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि सांभाळायच्या अटीवर करून दिलेलं बक्षीसपत्र, सांभाळलं नाही तर, रद्दही होतं. चांगला कायदा आहे, आणि ज्यांच्यावर तशी वेळ आली त्यांनी तो जरूर वापरावा. पण मावशीच्या दोन्ही मुलांविरुद्ध कुठल्याच कलमाखाली काही निघणार नाही. पोटभर भाकर आहे, औषध आहे, छप्पर आहे. पेटी आणि बाज एका खोलीत असावी, एवढं कायद्यात बसत नाही.

बरं, हा प्रश्न मायबाप आणि लेकरं यांच्यातलाच आहे असं समजण्याचं कारण नाही. मी अठ्ठावन्न पूर्ण करून घरी बसलो तेव्हा सगळ्यात मोठं स्थलांतर आमच्या हिचं झालं. तीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर तिचं होतं. दुपारी ती हॉलमध्ये फरशीवर, कूलरच्या झोतात, पाय पसरून झोपायची. शेजारणी यायच्या, भरतकाम व्हायचं, कुणाच्या सुनेचं काय चाललंय त्याचा आढावा व्हायचा. मी कायमचा घरी आलो आणि हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. शेजारणी फाटकातूनच बोलून जाऊ लागल्या. बरं, मी नुसता बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. पण चाळीस फायलींवर शेरे मारायची सवय एका दिवसात जात नाही. वरणाला किती शिट्ट्या देता, सांबाराच्या काड्या का फेकता, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या तर किती वेळ वाचेल, असं सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "तुमाले हापिसात परत घेत नाही का जी?"

पाहुणे आले की त्यांना सेवाग्राम दाखवणं हे वर्धेकराचं कर्तव्यच आहे. अशाच एका फेरीत पाहुणे बापू-कुटीसमोर फोटो काढत होते आणि ही बा-कुटीच्या ओसरीवर जाऊन बसली. बराच वेळ उठेना. मला वाटलं, ऊन लागलं.

तिथला इतिहास असा. 30 एप्रिल 1936 ला बापू वर्ध्याहून चालत सेगावला आले. गावाचं सेवाग्राम पुढे 1940 साली झालं. वैशाखातलं ऊन, पाच मैलांची वाट आणि वय 66. आपण त्या वयात गुडघ्याचा एक्सरे डॉक्टरला दाखवायला रिक्षानं जातो. राहायला जे घर बांधायचं त्याला शंभर रुपयांहून जास्त खर्च येऊ नये आणि माल आसपासचाच असावा, अशी त्यांची अट होती. खर्च पाचशेच्या घरात गेला असं सांगतात. अंदाजपत्रक बापूंनाही पाळता आलं नाही हे कळल्यावर, घर बांधलेल्या प्रत्येक माणसाला मनातून फार बरं वाटतं.

ते पहिलं घर म्हणजे आदि-निवास. मुख्यतः एक मोठी खोली आणि भोवती ओसरी. त्या खोलीत बापू, त्यातच बा, त्यातच प्यारेलाल, आलेगेले पाहुणे, काही काळ खान अब्दुल गफार खान, काही काळ तुकडोजी महाराज. आता विचार करा. बा तेव्हा 67 वर्षांच्या, बापूंहून काही महिन्यांनी मोठ्याच. दुपारी अंमळ पाठ टेकावी म्हटलं तर एका कोपऱ्यात सहा फुटांहून उंच खानसाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात देशाचा पत्रव्यवहार. लुगडं बदलायचं तरी कुठं? ब्रिटिश सरकारला काय हवंय ते बापू तिथं बसून ओळखत होते. बांना दार हवंय हे हेरलं जमनालाल बजाजांनी, आणि त्यांनी वेगळी बा-कुटी बांधून दिली. मातीची, कौलारू, लहानशी. बापूंच्या जागेपासून चार पावलांवर, पण वेगळी.

माझ्या मते वर्धा जिल्ह्यातली वयस्कांच्या निवासाची सगळ्यात मोलाची वास्तू ती आहे. येणारे लोक बापू-कुटीपुढे नतमस्तक होतात, तेही योग्यच. ती कुटी मुळात मीराबहनची. तिचा गौरव करायला जगभरातून माणसं आली. 1978 मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत तिथं बसून गेला आणि त्या झोपडीच्या संदेशावर त्यानं भाषण केलं. त्यानं तिथल्या जागा एक एक करून मोजल्या होत्या. चपला काढायची जागा, मधली खोली, बापूंची बसायची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, ओसरी, न्हाणीघर. यातली आजाऱ्याची खोली मला कायम थांबवते. आपण लाखोंचे फ्लॅट घेतो, त्यात देवघर असतं, पार्किंग असतं, आजारी माणसाला ठेवायची जागा नसते. तिथं ती मातीच्या घरात होती, आणि बापूंच्या बैठकीला लागून. महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींना कुणी ठेवून घेईना, त्यांनाही आश्रमाच्या आवारात वेगळी कुटी दिली आणि बापू स्वतः त्यांना मालिश करायला जात. वेगळी कुटी दिली, म्हणून कुणाला दूर लोटलं नाही. बांचं काय आणि शास्त्रींचं काय, हाक मारली तर ऐकू जावी इतकंच अंतर राखलं. बांना तरी ती कुटी फार दिवस कुठं लाभली! ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलं गेल्यावर त्या इकडे परतल्याच नाहीत. 22 फेब्रुवारी 1944 ला आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत, गेल्या.

सेवाग्रामहून पवनारला गेलात तर हाच विचार जरा मोठ्या मापात दिसतो. 1938 मध्ये विनोबांची प्रकृती इतकी ढासळली की वजन 88 पौंडांवर आलं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा बापूंचा आग्रह. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण म्हणून निवडलं पवनार, धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवर. मे महिन्यात पवनार ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना या निवडीतला विनोद कळेल. तरी तिथं ते माती खणून खणून धडधाकट झाले. 1959 साली त्यांनी तिथंच बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई सगळं आपापसांत वाटून करायचं, कुणी प्रमुख नाही, निर्णय सर्वांच्या संमतीनं. तेव्हा विशीत आलेली बहीण आज पंचाऐंशीच्या पुढे असणार. म्हणजे विनोबांच्या मनात ब्रह्मविद्या होती, पण त्यातून एक असं घर उभं राहिलं जिथं बायका एकमेकींच्या सोबतीनं म्हाताऱ्या झाल्या, ना मुलाच्या दारात ना जावयाच्या. आमच्या घरी दोनच माणसं आहेत आणि पंखा तीनवर ठेवायचा की चारवर, यावर अजून सर्वसंमती झालेली नाही, तेव्हा मी पवनारच्या बहिणींना दुरूनच नमस्कार करतो.

तर बा-कुटीवरून आल्यावर आमच्याकडे घडामोडी झाल्या. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा पोरगा एमबीबीएस होऊन गेला आणि जून आला तरी हिनं 'रूम भाड्याने देणे आहे'ची पाटी लावू दिली नाही. मला वाटलं, वरची खोली ती स्वतःसाठी ठेवतेय. तसं मी उदारपणे म्हणालोही. ती म्हणाली, "माझे गुडघे पाहा आन् जिना पाहा. तुमी रोज टेकडी चढता ना? मंग तुमीच जा वर." अशा रीतीनं मी वरच्या मजल्यावर रुजू झालो. टेबल, पुस्तकं, रेडिओ, पंखा तीनवर. सकाळी दहाला वर, संध्याकाळी पाचला खाली. मधे चहा झाला की खालून एक मिसकॉल येतो, दोन आले तर समजायचं की गॅस सिलिंडर उचलायचा आहे. खाली शेजारणी परतल्या आहेत. त्यांच्या हसण्याचा आवाज वर येतो, विषय येत नाही, आणि ही अगदी योग्य व्यवस्था आहे.

नातेवाइकांत मात्र बोंब झाली. "या वयात वेगळे राहायले लागले म्हन्ते!" मुलानं घाबरून फोन केला, "बाबा, सगळं ठीक आहे ना?" त्याला मी बा-कुटीची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, बाबा, पुण्याला आलात की तुम्हालाही एक खोली देऊ. मी विचारलं, तिला कडी आहे का? तो जरा थांबून म्हणाला, "स्टडीरूम आहे ती, स्लायडिंग आहे."

हिनं खालच्या मजल्यातही एक बदल करून घेतला. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतले एक काका न्हाणीघरात घसरून पडले. दार आत उघडणारं, आणि काका दाराला आडवे. बाहेर चार माणसं असून आत जाता येईना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोरांनी खिडकीची जाळी कापली. ते ऐकल्यावर हिनं दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं आणि आमचं दार उलटं बसवून घेतलं, बाहेर उघडणारं, कडी अशी की वेळ पडली तर बाहेरूनही निघावी.

तेव्हा तुम्ही आईवडिलांना आपल्याकडे नेणार असाल, किंवा त्यांच्यासाठी घर बघत असाल, तर गाव कोणतंही निवडा. त्यांची पेटी आणि पलंग एकाच खोलीत येऊ द्या, त्या खोलीला आतून कडी द्या, आत जाण्याआधी ती वाजवा. आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करून घ्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.